एटी-एटी : या चिलखती यंत्राला पाय कशासाठी?

मंदगती

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' हा १९८० सालचा चित्रपट परवा पुन्हा पाहिला आणि नेहमीप्रमाणे होथ या बर्फाळ ग्रहावरच्या, साम्राज्य आणि बंडखोर यांच्यातल्या लढाईपाशी अडकलो. खंदकातला सैनिक दुर्बीण डोळ्यांना लावतो, क्षितिजावर काही ठिपके दिसतात आणि पाहता पाहता त्या ठिपक्यांना पाय फुटतात. स्टार वॉर्सच्या विश्वात याहून मोठी शस्त्रे पुष्कळ आहेत, ग्रह फोडणारे अवकाशस्थानकही आहे. पण माझ्या मनात घर केले ते या चार पायांच्या चिलखती यंत्राने.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एटी-एटी म्हणजे कोणत्याही भूभागावर चालू शकणारे चिलखती वाहतूक वाहन. उंची २० मीटरहून अधिक, म्हणजे सात मजली इमारतीएवढी. डोक्यात चालक, तोफची आणि अधिकारी. पोटात ४० सैनिक आणि त्यांची छोटी उडती वाहने. हनुवटीखाली दोन जड तोफा आणि कानशिलांवर दोन हलक्या. बंडखोरांच्या ब्लास्टरचा, म्हणजे ऊर्जाबंदुकांचा, मारा त्याच्या चिलखतावरून ओघळून जातो.

प्रश्न जुनाच आहे, पण समाधानकारक उत्तर मला कुठे मिळालेले नाही. ज्या विश्वात साध्या शेतकऱ्याचे वाहनही जमिनीपासून हातभर वर तरंगते, तिथे साम्राज्याने आपल्या सर्वांत जड वाहनाला पाय का द्यावेत? पाय म्हणजे सांधे, सांधे म्हणजे दुबळ्या जागा. शेवटी एक एटी-एटी पडते ते बंडखोर वैमानिकांनी पायांना तारेचे वेढे दिल्यामुळेच.

माझे मत असे की आपण या यंत्राची तुलना रणगाड्याशी करतो तिथेच चुकतो. तो चालता बुरूज आहे. तटबंदीपर्यंत माणसे सुरक्षित पोहोचवणे, उंचावरून पाहणे आणि उंचावरून मारा करणे ही वेढ्याच्या मनोऱ्याची कामे होती, आणि हे यंत्र नेमकी तीच कामे करते. ज्यांनी यंत्रशास्त्र, इतिहास किंवा चित्रपटतंत्र जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. 'कल्पनाविश्व आहे, सोडून द्या' एवढेच उत्तर असेल तर तेही चालेल, पण मग निदान काय सोडून द्यायचे ते तरी सांगा.

वाटसरू

उत्तम विषय. माझ्या मते पायांचे कारण भीती हेच आहे. तरंगणारी पेटी कितीही मोठी असली तरी ती पेटीच राहते. पाय असलेली वस्तू आपल्याकडे 'येते'. खंदकातल्या माणसाला प्रत्येक पाऊल पायांखालच्या जमिनीतून जाणवते आणि पुढचे पाऊल पडेपर्यंत त्याला थांबावे लागते. ते थांबणे गोळीपेक्षा वाईट असते.

लंबक

भीतीचा मुद्दा मान्य आहे, पण मला गतीबद्दल लिहायचे आहे. या यंत्राचा कमाल वेग ताशी ६० किलोमीटर असल्याचे अधिकृत संदर्भांमध्ये सांगितले जाते. हा आकडा मला कधीच पटलेला नाही, आणि त्याचे कारण साधे आहे.

चालताना शरीर टेकलेल्या पायावरून उलट्या लंबकासारखी कमान काढत पुढे जाते. त्या कमानीवर शरीराला खाली धरून ठेवणारे बल फक्त गुरुत्वाकर्षणाचे असते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की गुरुत्वाकर्षण पुरे पडत नाही, शरीर कमान सोडून वर उडू पाहते आणि चालण्याचे धावणे होते. वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण आणि पायाची लांबी यांचा गुणाकार, या गुणोत्तराला जहाजांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम फ्रूड यांचे नाव आहे. ते १ च्या वर गेले की ताठ पायांनी चालणे अशक्य होते. प्रत्यक्षात बहुतेक प्राणी ते ०.५ च्या आसपास आले की धावू लागतात.

आता पाय १२ मीटरचा आणि गुरुत्वाकर्षण पृथ्वीसारखे धरू. अंतिम मर्यादा येते ताशी सुमारे ३९ किलोमीटर आणि सोयीचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर. ताशी ६० किलोमीटरने जायचे तर या यंत्राला धावावेच लागेल, आणि चित्रपटात ते कधीही धावत नाही.

मात्र चित्रपटातली संथ चाल अगदी खरी वाटते, त्यालाही कारण आहे. १२ मीटरचा पाय सरळ दांड्यासारखा खुब्यापासून मोकळा सोडला तर मागून पुढे यायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतील. आपल्या पायाला पाऊण सेकंदही लागत नाही. मोठ्या वस्तू संथ हलतात ते त्या आळशी असतात म्हणून नव्हे, त्यांचा लंबक मोठा असतो म्हणून. आकडे ठाऊक नसले तरी डोळ्याला हे बरोबर कळते.

पोलादी

लंबक यांनी गतीचा हिशेब मांडला, मी भाराचा मांडतो, कारण अशा प्रत्येक चर्चेत कोणीतरी गॅलिलिओला साक्षीला बोलावतोच. १६३८ साली त्याने लिहिले ते बरोबरच आहे: सगळी मापे दुप्पट केली तर वजन आठपट होते आणि हाडाचा छेद चौपटच राहतो. म्हणून एवढे मोठे यंत्र स्वतःच्या वजनाने चिरडून जाईल, असे म्हटले जाते. पण ते गणित करून कोणी दाखवत नाही.

वजनाचा आकडा आपण अंदाजानेच घेऊ. आजच्या जड रणगाड्याची सरासरी घनता काढली आणि ती या आकाराला लावली, तर ढोबळमानाने ६०० टन येतात. एक पाय उचललेला असताना तीन पायांवर प्रत्येकी २०० टन. साध्या पोलादाची ताणसहनशक्ती चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरली, तर २०० टन दाबून धरायला सुमारे ८० चौरस सेंटिमीटर छेद पुरतो, म्हणजे नऊ सेंटिमीटर बाजूचा चौकोनी दांडा! चित्रातला पाय त्याच्या कितीतरी पट जाड आहे. वाकण्याचा, आपटण्याचा आणि थकव्याचा विचार करून दसपट किंवा वीसपट वाढवले तरी पाय मोडत नाही.

खरी अडचण गुडघ्याची आहे. भाराची रेषा गुडघ्याच्या सांध्यापासून फक्त एक मीटर बाजूला गेली की त्या सांध्याला २०० टन-मीटरचे पीळबल पेलावे लागते. ३५० बार दाबाचा हायड्रॉलिक सिलिंडर एक मीटरच्या भुजेवर बसवला, तर त्याचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर हवा. एवढे सिलिंडर आज जड यंत्रांमध्ये असतात. म्हणजे हे यंत्र उभे राहण्यात अशक्य असे काही नाही. उभे राहून चालणे आणि चालता चालता मार खाणे, हे अवघड आहे.

हिमकण

उभे राहील हो, पण रुतेल त्याचे काय? बर्फावर चाललेले कोणीही सांगेल की पायाचा तळवा जितका लहान तितका माणूस खोल जातो. म्हणून तर बर्फावर रुंद पट्ट्यांची वाहने वापरतात. ६०० टन तीन तळव्यांवर म्हणजे काय होईल याची कल्पनाच करवत नाही. होथसारख्या ग्रहावर पाय ही सर्वांत वाईट निवड आहे.

पोलादी

कल्पना न करता भागाकार करू या. तळवा चार मीटर व्यासाचा धरला तर एका पायाखाली साडेबारा चौरस मीटर आणि तिघांखाली सुमारे ३८ चौरस मीटर जागा मिळते. ६०० टनांना ३८ ने भागले की चौरस सेंटिमीटरला साधारण १.६ किलो दाब येतो. आजच्या जड रणगाड्याचा दाब १ किलोच्या आसपास असतो आणि मोटारगाडीच्या चाकाखालचा २ किलोच्या आसपास. म्हणजे हे यंत्र रणगाड्यापेक्षा दीडपट जास्त दाब देते, पण मोटारीपेक्षा कमी. घट्ट हिमनदीचा बर्फ याच्या कितीतरी पट दाब सहज पेलतो. ताज्या भुसभुशीत हिमात मात्र तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, तिथे ते खालचा कठीण थर लागेपर्यंत रुतेल.

पण रुतल्यावर काय होते यातच पायाची खुबी आहे. रुतलेले चाक जागेवर फिरून स्वतःचा खड्डा खोल करते. रुतलेला पाय वर उचलता येतो.

खाणकरी

पोलादी यांचे शेवटचे वाक्य वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. मी बरीच वर्षे उघड्या कोळसाखाणींत मोजणीचे काम केले आहे आणि हजारो टनांचे यंत्र चालताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला ड्रॅगलाइन म्हणतात.

खोदताना हे यंत्र एका प्रचंड गोल तळावर बसलेले असते. दोन्ही बाजूंना होडीएवढे लांब पोलादी जोडे असतात. जागा बदलायची वेळ आली की दोन्ही जोडे वर उचलले जातात, पुढे येतात, जमिनीला टेकतात आणि मग सगळे यंत्र त्यांच्यावर किंचित कलून उचलले जाते व साधारण माणसाच्या उंचीएवढे सरकून पुन्हा तळावर बसते. एक पाऊल झाले. मग पुन्हा. बसताना पायांखालची जमीन थरथरत नाही, ती दबल्यासारखी वाटते. आणि मागे माती अशी चोपून निघालेली असते की त्यावर पावसाचे पाणी काचेसारखे साचून राहते.

चालणाऱ्या ड्रॅगलाइनची ही युक्ती १९१३ सालापासूनची आहे. त्यांतले सर्वांत मोठे यंत्र, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातली 'बिग मस्की', १९६९ पासून १९९१ पर्यंत काम करत होते. वजन सुमारे १२,००० टन, म्हणजे पोलादी यांच्या अंदाजातल्या एटी-एटीच्या वीसपट. १९९९ मध्ये ते मोडीत काढले. त्याची बादली तेवढी स्मारक म्हणून जपून ठेवली आहे. तेवढ्या वजनाला चाके किंवा पट्टे देण्यापेक्षा जोडे देणे सोयीचे ठरले, कारण मऊ जमिनीवर भार पसरता येतो. तेव्हा 'जड यंत्राने चालणे हा वेडेपणा आहे' असे कोणी म्हटले की मला ते यंत्र आठवते. वेग मात्र विचारू नका, ताशी एक किलोमीटरसुद्धा नव्हे.

मंदगती

खाणकरी, तुमच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार. काचेसारखे साचलेले पाणी आता डोळ्यांपुढून जात नाही.

तटबंदी

धागालेखकांनी वेढ्याच्या मनोऱ्याचा उल्लेख केला आहे, तर त्यातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इथे हवेच. इसवी सनपूर्व ३०५ मध्ये डिमेट्रियस या ग्रीक सेनानीने ऱ्होड्स या बेटावरच्या नगराला वेढा घातला तेव्हा 'हेलेपोलिस' नावाचा मनोरा बांधला होता. नऊ मजले, उंची सुमारे ४० मीटर, आग लागू नये म्हणून बाहेरून लोखंडी पत्रे, प्रत्येक मजल्यावर दगड-बाण फेकणारी यंत्रे आणि खाली प्रचंड चाके. तो हलवायला ३,४०० निवडक बलवान माणसे लावली होती, असे प्राचीन इतिहासकार डायोडोरस लिहितो. म्हणजे एटी-एटीपेक्षा जवळजवळ दुप्पट उंच बुरूज माणसांनी खरोखर रणांगणावर चालवला होता.

आणि तो कशामुळे अडला? रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसने दिलेल्या हकिकतीप्रमाणे नगरवासीयांनी त्याच्या वाटेवर रात्रीतून पाणी, चिखल आणि सांडपाणी ओतले. सकाळी मनोरा त्या दलदलीत रुतला आणि पुढेही जाईना, मागेही येईना. चाकांमुळे! त्या वेळी डिमेट्रियसकडे पाय असते तर ऱ्होड्सचे काय झाले असते, हा विचार मी आज पहिल्यांदाच करतो आहे.

वाटसरू यांनी भीतीबद्दल लिहिले, त्याला जोड म्हणून युद्धातल्या हत्तींचेही उदाहरण द्यावेसे वाटते. झामाच्या लढाईत, इसवी सनपूर्व २०२ मध्ये, कार्थेजच्या हॅनिबलने सुमारे ८० हत्ती पुढे घातले. रोमन सेनापती स्किपिओने त्यांना समोरून अडवण्याचा प्रयत्नच केला नाही; आपल्या सैन्याच्या तुकड्यांमध्ये सरळ मोकळ्या वाटा ठेवल्या आणि बरेचसे हत्ती त्यांतून निघून गेले. होथवरही तेच दिसते. समोरून तोफा डागणारे खंदकातले सैनिक हरतात आणि पायांमध्ये शिरणारे वैमानिक जिंकतात.

पडद्यामागे

हत्तींचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ही चाल खरोखर हत्तीवरून घेतली आहे. चित्रपटाच्या विशेष दृश्यांवर काम करणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या एका प्राणिउद्यानातल्या हत्तिणीला चालवून तिचे चित्रण केले आणि पावलांचा क्रम त्यावरून अभ्यासला. रूप मात्र वेगळीकडून आले. यंत्राचे रूप रेखाटणारे जो जॉन्स्टन यांच्यासमोर चित्रकार सिड मीड यांनी एका पोलाद कंपनीसाठी काढलेले चालत्या मालवाहू यंत्राचे चित्र होते. बंदरातल्या उंच क्रेन पाहून हे यंत्र सुचले अशी जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, ती खुद्द स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज ल्यूकस यांनीच नाकारलेली आहे.

पडद्यावर जे चालते ते जेमतेम दीड फूट उंचीचे प्रतिरूप होते. फिल टिपेट, जॉन बर्ग आणि त्यांचे सहकारी ते एकेका चौकटीसाठी केसभर हलवत. बर्फ म्हणून खाण्याचा सोडा आणि काचेचे अतिसूक्ष्म पोकळ गोळे पसरलेले होते, मागे माइक पॅन्ग्रेझिओ यांनी रंगवलेले आकाश होते. त्या पांढऱ्या मैदानात चोरदारे होती. कलाकार त्यातून कमरेपर्यंत वर यायचा, पाय हलवायचा, पुन्हा खाली जायचा आणि मग कॅमेरा एक चौकट टिपायचा. सोड्यात नको तिथे बोट लागले तर ते पडद्यावर दिसणार, म्हणून श्वासही जपून घ्यायचा.

लंबक यांच्या हिशेबातले तीन सेकंद इथे आणा. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे एक पाय पुढे यायला ७२ चौकटी. ७२ वेळा चोरदारातून वर यायचे, आणि यंत्राने फक्त एक पाऊल टाकलेले असते. ती संथ चाल गणिताने नव्हे, हाताने शोधलेली आहे. मला याचा फार आदर वाटतो.

हिमकण

रुतण्याबद्दलचा माझा मुद्दा मी अर्धा मागे घेते, पण लंबक यांचा एक मुद्दा दुरुस्त करावासा वाटतो. हत्ती आपल्या कोष्टकात बसत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हत्तींचे मोजमाप केले होते. त्या वेगातही त्यांचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटत नव्हते, आणि तरीही तुमचे ते गुणोत्तर ३ च्या पुढे गेले होते. म्हणजे पाय ताठ न ठेवता स्प्रिंगसारखे दबू दिले तर न उडताही १ ची मर्यादा ओलांडता येते.

एटी-एटीसाठी ताशी ६० किलोमीटरला ते गुणोत्तर सुमारे २.४ येते. हत्ती जे करतो त्याच्या आतच ते आहे.

लंबक

दुरुस्ती पूर्ण मान्य. मी ताठ पायांचे गणित केले आणि हत्तीचे पाय खांबासारखे दिसतात म्हणून तेही ताठ असतील असे गृहीत धरले, ही माझी चूक झाली. मग ६० चा आकडा अशक्य म्हणता येणार नाही. फक्त पोटातल्या ४० सैनिकांचे त्या वेगात काय हाल होतील एवढाच प्रश्न उरतो.

चौपायी

मी गेले वर्षभर चार पायांचे छोटे यंत्र बनवतो आहे. एका पायाला तीन, असे बारा सर्व्हो मोटर, छापील प्लास्टिकचे पाय आणि मध्ये बॅटरी. अनुभव सांगतो.

पहिल्या दिवशी मी पाय उचलण्याची आज्ञा दिली आणि यंत्र लगेच त्याच कोपऱ्यावर पडले. पडणारच होते. चार पायांवर उभे असताना गुरुत्वमध्य मध्यभागी असतो. एक पाय उचलला की उरलेल्या तीन पायांच्या त्रिकोणाच्या अगदी कडेवर तो येतो. म्हणून पाय उचलण्याआधी सगळे धड विरुद्ध बाजूला सरकवावे लागते. चार पायांच्या संथ चालीत पावलांचा कोणता क्रम सर्वांत स्थिर, हे मॅक्घी आणि फ्रँक यांनी १९६८ मध्येच सिद्ध केलेले आहे, आणि मी तोच क्रम वापरतो. पण धड सरकवले नाही तर तो क्रमही पुरत नाही.

आता एटी-एटी नीट पाहा. त्याचे ठळक दिसणारे सगळे सांधे पुढे-मागे हलणारे आहेत. बाजूला सरकण्यासाठी खुब्यात जो सांधा लागतो तो मला कुठे दिसत नाही. एवढी उंची, पाय एकमेकांच्या इतके जवळ आणि धड बाजूला सरकवता येत नाही, ही या यंत्राची माझ्या मते खरी चूक आहे. तारा गुंडाळणे ही पुढची गोष्ट झाली.

वाटसरू

मग डोके? ते हलवून तोल सांभाळत असेल का?

चौपायी

चांगला विचार आहे. माझ्या यंत्राला मी पुढे एक छोटे वजन लावून पाहिले होते. पुढच्या पायांवरचा भार वाढला, बाजूच्या तोलाला मात्र फारसा उपयोग झाला नाही.

तटबंदी

सात मजल्यांवरून पडले तर आतल्यांचे काय होते, हे कोणी काढले आहे का?

लंबक

सरळ खांब तळाशी धरून आडवा पडला असे मानले तर २२ मीटर उंचीवरचे टोक जमिनीवर ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाने आदळते. चालक नेमके त्या टोकाजवळच बसलेले असतात.

सांधेवाला

उशिरा येतो आहे, पण चालवणाऱ्या माणसाबद्दल कोणीच लिहिलेले नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी जनरल इलेक्ट्रिकमध्ये राल्फ मोशर यांनी खरोखरचा चार पायांचा ट्रक बनवला होता. सुमारे साडेतीन मीटर उंच, वजन टनाहून अधिक. चालक मध्ये बसायचा. त्याच्या हातांच्या हालचालीने पुढचे पाय हलायचे आणि पायांच्या हालचालीने मागचे. यंत्राचा पाय एखाद्या ओंडक्यावर टेकला की त्याचा विरोध चालकाला स्वतःच्या पायात जाणवायचा. यंत्र चढले, वळले, जड वस्तू ढकलल्या. पण चालक पंधरा मिनिटांत थकून जायचा, कारण चारही पायांचा विचार त्याला एकट्यालाच सतत करावा लागायचा. आता ते संग्रहालयात आहे.

हे सांगण्याचे कारण असे की चालत्या यंत्राचे मर्म पायांत नसून पाय कुठे टाकायचा हे ठरवण्यात आहे. एटी-एटीचे चालक पुढे बघतात. मागचे पाय कुठे पडताहेत ते त्यांना दिसतच नाही. ते यंत्राला स्वतःलाच कळत असले पाहिजे. तसे असेल तर तारेचा पहिला वेढा बसला तेव्हाच ते थांबायला हवे होते. ते चालत राहिले, म्हणजे पायाला काय होते आहे हे वर डोक्यापर्यंत पोहोचतच नव्हते. माझ्या दृष्टीने त्या यंत्राची दुबळी जागा गुडघा नाही, ही आहे.

पोलादी

सांधेवाला, हा मुद्दा मला आजवर सुचला नव्हता आणि तो सर्वांत खरा वाटतो.

मंदगती

एवढे वाचल्यावर मूळ प्रश्नाकडे परत येतो. मला स्वतःला एक गोष्ट सापडली आहे, ती तपासून पाहा.

साम्राज्याचा सेनानी व्हेडर याला जमिनीवरून हल्ला का करावा लागतो? बंडखोरांच्या तळाभोवतीचे ऊर्जाकवच कोणताही मारा परतवू शकते, असे त्याच्या हाताखालचा जनरल व्हिअर्स त्याला सांगतो. म्हणजे वरून काही करता येत नाही. कोणीतरी खालून जाऊन कवचाचे जनित्र फोडले पाहिजे. पुढे व्हिअर्स यंत्राच्या डोक्यात उभा राहून जनित्रापर्यंतचे अंतर विचारतो आणि उत्तर येते 'एक सात दशांश दोन आठ', म्हणजे १७.२८. एकक सांगितलेले नाही. ते किलोमीटर मानू आणि ग्रह पृथ्वीएवढा मानू. १९ मीटर उंचीवरच्या डोळ्याला क्षितिज सुमारे साडेपंधरा किलोमीटरवर असते. रणगाड्यातून डोके काढणाऱ्याला ते साडेपाच किलोमीटरवरच संपते. जनित्र स्वतः दहा मीटर उंच असेल तर त्याच्या माथ्यामुळे दोघांनाही आणखी सुमारे अकरा किलोमीटर मिळतात. म्हणजे रणगाड्याला ते १७ किलोमीटरच्या आत आल्याशिवाय दिसतच नाही आणि व्हिअर्सला ते केव्हापासूनच दिसत असते.

सरळ रेषेत जाणाऱ्या शस्त्राला लक्ष्य दिसावेच लागते, क्षितिजापलीकडे वळसा घालून मारा करता येत नाही. म्हणून उंची हवी, उंची हवी म्हणून बुरूज हवा आणि खडक, भेगा, चढ असलेल्या अनोळखी जमिनीवर तो बुरूज न्यायचा म्हणून पाय. भीती त्याबरोबर आपोआप आली. माझे उत्तर सध्या इथवर आले आहे.

हिमकण

हे पटले. पण मग त्याचे नाव वाहतूक वाहन का? ४० माणसे एवढ्या उंचीवरून खाली कशी उतरवायची? यंत्राने गुडघे टेकले तर उंची गेली, दोरांवरून उतरवले तर लढाईच्या मध्यभागी ती माणसे लटकत राहणार. तोफेचा बुरूज आणि माणसांची गाडी ही दोन कामे एकाच यंत्राला दिली तिथे रचना बिघडली असे मला वाटते.

मंदगती

याला माझ्याकडे उत्तर नाही. वेढ्याच्या मनोऱ्याला तरी तटावर टाकायचा पूल असे.

तटबंदी

हिमकण यांच्याशी सहमत. मनोऱ्याची उंची तटाच्या उंचीवरून ठरत असे. इथे तटच नाही.

चौपायी

काल संध्याकाळी सांधेवाला यांच्या मुद्द्यावर एक प्रयोग केला, तो नोंदवतो. यंत्र सपाट फरशीवर चालत ठेवले आणि त्याच्या चारही पायांभोवती शिवणकामाचा जाड दोरा सैलसर फिरवत नेला. माझ्या यंत्रातही पायाला काय जाणवते ते मुख्य नियंत्रकाला कळत नाही, तो फक्त ठरलेल्या कोनांच्या आज्ञा देत राहतो.

पहिल्या वेढ्याने काहीच झाले नाही. दुसऱ्या वेढ्याला पुढच्या उजव्या पायाचे पाऊल आखूड पडू लागले आणि त्या मोटरचा आवाज चढला. तिसऱ्या वेढ्याला पुढचा पाय उचलला गेला पण पुढे जाईना, मागचे दोन्ही पाय मात्र आज्ञेप्रमाणे धड ढकलत राहिले. मी सहा वेळा करून पाहिले. बाजूचा तोल कच्चा आहे हे मीच वर लिहिले होते, त्यामुळे ते बाजूला कलंडेल अशी माझी खात्री होती. सहाही वेळा ते पुढे, तोंडावरच पडले.